पाणलोटाची रेघ

फाल्गुन सरत आलेला.
नाशिकहून पेठला जाताना, सावळघाटाच्या अलीकडं
एक सोंड वर चढते,
तिच्या माथ्यावर आम्ही तिवई रोवली.
धवळू भोये पट्टी धरून कातळावर उभा,
पायतण काढून. का, ते मी विचारलं नाही.

काम तसं साधं :
पाण्याचं दुमत कुठं होतं, ते शोधायचं.
इकडचा थेंब गोदेचा.
गंगापूरच्या भिंतीला टेकून विसावा, मग रामकुंड,
नांदूरमध्यमेश्वरचा गाळ, पैठण, नांदेड,
पार तेलुगू बोलणाऱ्या घाटांवरून
बंगालच्या उपसागरापर्यंत.
तिकडचा थेंब दमणगंगेचा.
दोन-चार दऱ्यांत उड्या, की संपलं. खारं पाणी.
दोन थेंबांत अंतर वीतभर.

उत्तरेला सुरगाण्याकडं बोट करून मी म्हणाले,
तिथल्या डोंगरातून गिरणा निघते, पूर्वेला तोंड करून.
कळवण, मालेगाव, अर्धा खानदेश,
आणि जळगावापुढं तापीत शिरून
आली तशी पश्चिमेला परत.
धवळू पट्टी न हलवता म्हणाला,
"बाजाराला निघाली आसंल.
पिशवी घरीच राहिली."

दुर्बिणीतून रेघ सापडेना.
माथा पाटासारखा सपाट, आकडे तेच ते.
शेवटी त्यानं तांब्या उचलला
आणि कातळावर पाणी ओतलं, जपून, अर्धाच.
पाणी थांबलं.
फुगलं, कडेनं थरथरलं,
एक जीभ पूर्वेकडं काढली, आत घेतली.
आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो,
तोवर त्याचा कुत्रा आला
आणि चाटून गेला दोन्ही समुद्र.

नकाशावर माझ्या पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर.
जमिनीवर तिचे पंचवीस मीटर होतात.
त्या पंचवीस मीटरांत धवळूचं नाचणीचं खळं आहे,
शेंदराचा वाघदेव,
एक मोह, खालची जागा फुलांसाठी झाडून ठेवलेली,
आणि एक पायवाट, रेघेला आडवी.

पायवाटेनं जमनी आली.
पूर्वेच्या उतारावर विहीर, पश्चिमेच्या उतारावर पाडा.
डोक्यावर हंड्यावर हंडा, काखेत कळशी.
रेघ ओलांडताना तिची चाल बदलली नाही.

खाली ऑफिसात एक जाडजूड फाईल आहे :
पश्चिमेचं पाणी बोगद्यातून पूर्वेला न्यायचं.
पंपांची अश्वशक्ती, टप्पा एक, टप्पा दोन.
तिच्यापायीच आम्ही इथं.
आणि ही चाळीस लिटर उलट्या दिशेनं नेते,
दिवसाला पाच खेपा, होळीपासून मिरगापर्यंत.
पाड्यात सव्वीस घरं.
मी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार मांडला.
कुठल्या रकान्यात घालायचा ते कळेना,
खोडवेना पण.

"घ्या मॅडम," म्हणून तिनं कळशी कलती केली.
मी ओंजळ धरली.
बोटांतून गळलं ते कातळावर पडलं.
या खेपेला कुत्रा मोहाखाली झोपलेला.
मी वाकून बघेपर्यंत
ओला डाग होता तिथं, कडेनं आत सुकत आलेला.

"पट्टी पुढं घेऊ का?" धवळूनं विचारलं.
घे, म्हणाले.
पुढं म्हणजे कुठं,
ते त्याचं त्यानंच ठरवलं.