पांढऱ्याचं माप

उसाच्या ट्रॉलीनं ओढलेली रेघ,
डाव्या मागच्या दारापासून दिव्यापर्यंत.
हेर्लेकर मास्तर म्हणाले, पांढरीच तर आहे गाडी,
पांढरा लावायचा, त्यात काय एवढं शिकलगार?

मी दार उघडून आतलं स्टिकर वाचलं.
रंगाचा नंबर असतो तिथं, पण तो
गाडी कारखान्यातनं निघाली त्या दिवसाचा.
पुढची चौदा वर्षं वडणग्याच्या अंगणातलं ऊन,
शिरोलीची धूळ, चिंचेखालची पाखरं
कुठल्या स्टिकरवर लिहिलेली नसतात.
ती आपण घालायची.
काळा दोन थेंब, गेरू अर्धा,
काडीनं ढवळायचं,
पेट्रोलच्या झाकणाला आतनं एक ठिपका द्यायचा
आणि वाळेपर्यंत गप बसायचं.
ओला रंग खोटं बोलतो.
ट्यूबखाली जुळलेलंही धरायचं नाही,
गाडी ढकलत उद्यमनगरच्या रस्त्यावर काढायची,
चारच्या उन्हात.

हे मला गणी वस्तादांनी शिकवलं,
दुकानात नव्हे, गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, पहाटे.
ही म्हशीची धार, बघ, निळ्याकडं कललेली.
ही गाईची, पिवळ्याकडं.
आणि ही, हळू आवाजात, पाण्याकडं.
पावशेर दुधाचे पैसे त्यांचेच.
चाळीस वर्षं मी तेवढ्यावर जेवलो.

गेल्या हंगामात, धुराडी पेटली त्या आठवड्यात,
मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिसतंय का काका?
मी त्यांच्या कोटाकडंच बघत राहिलो.
असला पांढरा
शेवटचा कधी बघितला होता, आठवेना.
घरी आलो तर माझा हिरवा शर्ट निळा निघाला.
बायको म्हणाली, सहा वर्षं मी दुसरं काय सांगत होते?

सहा वर्षं.
जेवण उतरेना.
किती गाड्या गेल्या हाताखालनं, त्यात पांढऱ्या किती,
आणि मी पिवळ्याला पांढरा म्हणत
गन चालवत होतो.

दसरा चौकात सिग्नलला जाऊन उभा राहू लागलो,
कावळा नाक्याला, तावडे हॉटेलापाशी,
थांबलेल्या गाड्यांची दारं बघत.
एकानं काच खाली करून पाच रुपये दिले.
कागलच्या डॉक्टरांची गाडी सापडली, पुढचा पंखा माझा,
तीन वर्षांपूर्वीचा.
हातानं सावली केली, वाकलो, बाजूनं बघितलं.
सांधा गावला नाही.
नाहीच पिवळा.

दुकानात मापांची वही आहे.
मापं माझी, बॉलपेनची, मोठी मोठी.
दर पांढऱ्याच्या खाली शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात:
निळा एक.
निळा एक.
निळा दीड.
एका पानावर खोडून, निळा दोन.

दिग्याचं अक्षर.
दहावीला मराठीत नापास झालेलं,
चहा आणणारं, पेपर पाण्यात बुडवून देणारं पोरगं.
मी नमाजाला गेलो की
डबा त्याच्याच ताब्यात असायचा.

वही जाग्यावर ठेवली.
मास्तरांच्या गाडीचा रंग मी मन लावून केला,
नव्या डोळ्यांनी, एकट्यानं.
ठिपका वाळला. गाडी उन्हात काढली. मग हाक मारली,
दिग्या, निळा किती घालू रे?

सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारत होतो.
त्यानं हात पॅन्टला पुसले, पुसतच राहिला,
मग ठिपक्याजवळ नाक नेलं.
मामा, म्हणाला, आता निळा जास्त झालाय.
गेरू घाला की थोडा.

घातला.

संध्याकाळी मास्तर आले.
दाराला बोट लावून बघितलं, मागं सरकून बघितलं,
आणि बिलावर अडले.
एवढ्याशा पांढऱ्याला बाराशे?

म्हटलं, मास्तर, रंगाचे कमीच आहेत त्यात.
दोघांची नजर लागलीय त्याला.