चौथा रकाना

समुपदेशक बाई लातूरच्या.
म्हणाल्या, तलफ लाटेसारखी असते, कोयंडे,
उठते, फुटते, ओसरते. तुम्ही फक्त बघत राहा.
मी म्हटलं, मॅडम, लाटेकडे नुसता बघत राहणारा माणूस
आनंदवाडीच्या बंदरात तुम्हाला दिसला काय?
आम्ही सुकाणू धरतो आणि शिव्या देतो.
त्या हसल्या. वही दिली.
दोनशे पानी, मुखपृष्ठावर छत्री घेतलेलं अस्वल.

आत पट्टीने आखलेले चार रकाने:
वेळ. काय घडलं. मनात काय आलं.
आणि चौथ्यात, हे खरं कशावरून?

आमच्या घरात हा प्रश्न
आजवर फक्त जयवंतीचा होता.
दारातच अडवायची, तोंडाजवळ नाक आणून.
आता तो मी विचारायचा,
माझ्याच डोक्याला, पेन्सिल घेऊन.

काम माझं बर्फाच्या कारखान्यात.
लादी क्रशरमध्ये लोटायची,
चुरा बोटीच्या खणात सोडायचा.
पेल्यात दोन खडे पडले की जो आवाज होतो
तो मी दिवसातून हजारदा ऐकतो.
हे पहिल्या पानावर लिहिलं तेव्हा
बाईंनी बराच वेळ मान वर केली नाही.

संध्याकाळ, सहा पस्तीस. पगार झाला. बाबली म्हणाला,
"एकच घे रे, कोणाक कळतला?"
मनात आलं: खरंच, कोणाला कळणार.
चौथा रकाना: थोरल्याला.
तो गणितं सोडवत बसलेला असतो, वर बघत नाही,
पण पायरीवर माझ्या चपला कशा वाजतात ते ऐकतो.
आणि 'एकच' कधी झालं होतं, हेही आठवून बघितलं.
सत्तावीस वर्षांत एकदा.
बाटली फुटली होती तेव्हा.

लाट काही मला जमली नाही.
मग माझं मीच शोधलं:
सुपारीएवढा बर्फाचा तुकडा, स्टीलच्या ताटलीत.
पडवीत ठेवायचा. शेजारी बसायचं.
आधी त्याला घाम फुटतो,
मग कोपरे जातात,
मग बोट लावलं की पळतो, हट्टी पोरासारखा.
पहिल्या दिवशी वाटलं, हा संपायच्या आत मी संपेन.
तो संपला.
उरलेलं पाणी मांजर प्यालं.

गौरी गेल्या त्या रात्री मी प्यालो.

पुढच्या मंगळवारी गेलो नाही. बाईंचा फोन आला.
रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मागे चला, उलटे,
बाटलीपासून.
बाटलीच्या आधी? दुकानाची पाणंद.
तिच्या आधी? भाऊ, मुंबईहून आलेला,
सगळ्यांसमोर म्हणाला, "विश्राम सुधारलो म्हणतत. बघूया किती दिवस."
त्याच्या आधी? माटवी सोडवत होतो, सुंभाच्या गाठी सुटत नव्हत्या.
आणि त्याच्या आधी?
सकाळपासून जेवलो नव्हतो.

असं होय.
रात्री नऊला उघडलेली बाटली
दुपारी बारालाच सुरू झाली होती,
रिकाम्या पोटात.

मनात काय आलं: सगळं पाण्यात गेलं.
हे खरं कशावरून?
एकशे तेरा दिवस होते. त्यातला एक बुडाला.
बाकीचे एकशे बारा कोणी नेले?

आता बाराच्या ठोक्याला डबा उघडतो.
भात, बांगड्याचं तिखलं.
बाबली हसतो, "इलो मोठो सायब."
हसू दे. त्याचं हसणं मी दुसऱ्या रकान्यात लिहितो,
तिसऱ्यात जाऊ देत नाही.
नेहमी जमतं असं नाही.

काल रात्रीचे तीन. काहीच घडलं नव्हतं.
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
मनात आलं: बाबा जेटीच्या पायऱ्यांवर गेले,
मीही तसाच जाणार.
पेन्सिल घेऊन बसलो.
लांब कुठेतरी ट्रॉलरचं इंजिन सुरू होऊन बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

चौथा रकाना कोराच आहे.
माहीत नाही, असं तिथे लिहिलं तर चालतं का,
मंगळवारी बाईंना विचारायचं आहे.