इतिवृत्त

विषय क्रमांक अकरा : रस्त्यांवरचा बर्फ काढण्याचं कंत्राट.
बाहेर उणे नऊ. हीटर नुसताच खडखडतोय.
नगराध्यक्ष अल्फॉन्सस टोबिन उठतात,
खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलतात,
"क्लीटस माझा मेहुणा. माझा हितसंबंध आहे.
लिहून घे, फिलोमीना."
मी लिहून घेते.

हितसंबंध.
शब्दात हित आधी येतं, संबंध मागून.
पिंचर्स आर्ममध्ये उलटं आहे :
एकशे ब्याऐंशी माणसं, आडनावं चार,
माणूस संबंधातच जन्मतो
आणि हित आलंच तर नंतर बोटीनं येतं,
तेही कॉड मासा संपल्यापासून फारसं नाही.

मग ब्राइड उठते. क्लीटस तिच्या मावशीचा मुलगा.
मग जेरार्ड. क्लीटस त्याचा व्याही.
तो टेबलाखाली हातमोजे शोधत राहतो, खूप वेळ,
हातमोजे त्याच्या खिशात आहेत.

उरले युजीन आणि व्हेरा.
दोघांनी गणपूर्ती होत नाही.
अशा वेळी आमची रीत अशी,
की ज्याचं नातं सगळ्यात लांबचं त्याला परत बोलवायचं.
दार उघडं आहे. व्हरांड्यात मोजणी चालू आहे :
मावसभाऊ लांब की व्याही लांब,
रक्ताचं जवळ की सोयरिकीचं.
"अगं, मी पोरगी दिलीय," जेरार्ड म्हणतो,
"स्वतः नाही गेलो."
ब्राइड हसते. तो आत येतो. गणपूर्ती होते.

खिडकीतून दिसतो नगराध्यक्षांचा पिकअप,
इंजिन चालू, दिवे बंद.
वायपर एकदा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो.
डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला
निदान काच पुसावी लागत नाही.

दोन लिफाफे.
क्लीटसचा, एक्केचाळीस हजार डॉलर.
दुसरा हमरस्त्याकडच्या कंपनीचा, न फोडलेला.
मुदत चारची होती, तो चार वाजून दहा मिनिटांनी आला.
शिक्का माझा आहे. वेळ खरी आहे.
तो पोरगा नव्वद किलोमीटर वादळातून आला होता,
दारात उभा राहून बुटांवरचा बर्फ झटकत होता,
आत यायच्या आधी,
लादी खराब होऊ नये म्हणून.
त्यात त्याची दोन मिनिटं गेली असतील.

व्हेरा विचारते, "फोडून बघायला काय हरकत आहे?"
युजीन नियमांचं पुस्तक उघडतो.
पानाचा कोपरा आधीच दुमडलेला.

तीन हात वर. व्हेराचा सगळ्यात शेवटी.
मंजूर.

आता जे लिहिलं नाही ते.
मागच्या वर्षी क्लीटसचा लिफाफा
चार वाजून पंचवीस मिनिटांनी आला होता,
ओला, डिझेलचा वास येणारा.
मी अंगठ्यानं शिक्क्याची चाकं मागे फिरवली.
तीन पन्नास.
चाकं घट्ट होती, नखाशी शाई दोन दिवस राहिली.
क्लीटसचा नांगर माझा डर्मट चालवतो.
अल्बर्टाच्या तेलखाणींत होता तेव्हा
वर्षातून दोनदा दिसायचा,
आता रोज रात्री जेवायला घरी असतो.

मला कुणी विचारलं नाही.
सदस्यांना फॉर्म आहे, सहीची जागा आहे,
लिहिणारीला रकाना नाही.

अल्फॉन्सस परत येतात, कोटावर बर्फ विरघळतोय,
"काय झालं?"
खिडकीतून तीन हात मोजून आलेला माणूस
इतक्या साधेपणानं विचारतो
की मलाही क्षणभर वाटतं, यांना माहीत नसावं.
"मंजूर," मी सांगते.
"बरं," ते म्हणतात, आणि विषय बारा, कुत्र्यांचे परवाने.

पहाटे चारला नांगराचा पिवळा दिवा
माझ्या छतावरून फिरत जातो.
आधी आमचं दार, मग दवाखान्याचं.
मी डर्मटला तसं कधी सांगितलेलं नाही.
करू नकोस, असंही नाही.