एक पाय जमिनीवर

नियम सोपा आहे, गोडांबे सर सांगतात.
एक पाय कायम जमिनीवर.
पुढची टाच टेकल्याशिवाय
मागचा अंगठा सुटता कामा नये,
आणि टेकलेला गुडघा सरळ,
बाकावर उभं केल्यासारखा.
बाकी कितीही जोरात चाल.

सणस मैदानावर सव्वापाचला
अर्धेच दिवे लागलेले असतात.
मफलरवाले एक काका रोज थांबून विचारतात,
"एवढी घाई आहे तर पळत का नाहीस गं?"
वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत
माझी कंबर हलवून दाखवतात.
बरी जमते त्यांना.
गुडघे मात्र वाकतात.

सातनंतर दांडेकर पुलाच्या सिग्नलला पप्पा भेटतात,
सहकारनगरातल्या कुणाच्या तरी गाड्या
रात्रभर राखून आलेले.
तिथून घरापर्यंत मी हळू चालते.
त्यांची चप्पल फरपटते, माझे बूट गप्प.
ते विचारतात, "किती?"
मी वेळ सांगते.
त्यांना चांगली की वाईट ते कळत नाही,
तरी मान हलवतात,
शिट्टीची दोरी अजून गळ्यात.

तोवर आईच्या सव्वाशे पोळ्या झालेल्या असतात.
तीन डबे माझ्याकडे,
नवी पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
परीक्षा देत राहणाऱ्या मुलांचे.
दोन्ही हात अडकलेले, लिफ्ट बंद.
सर एकदा म्हणाले, चालताना तुझं डोकं
अजिबात हलत नाही, कुठे शिकलीस?
आमटीकडून, सर.

रात्री भूमिती.
स्पर्शिका वर्तुळाला
एकाच बिंदूत स्पर्श करते.
हे मला सिद्ध करता येतं,
फक्त शेवटच्या दोन ओळींवर डोळा लागतो
आणि वहीवर पेनाची एक लांब रेघ
समासाबाहेर निघून जाते.

बालेवाडीला साडेसात फेऱ्या होत्या.
सहावीला मी तिसरी.
पुढच्या मुलीची वेणी
हाताच्या अंतरावर डोलत होती,
आणि मला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं,
डबे नाहीत, प्रमेय नाही,
पप्पांची शिट्टी नाही.
वळणावर पिवळी पाटी, तिच्यावर नागमोडी रेघ.
मग सरळ रस्त्याला पांढऱ्या टोपीतले गृहस्थ
अगदी सभ्यपणे पुढे आले
आणि लाल पाटी धरली.

"दोन्ही पाय हवेत होते."
मी विचारलं, किती वेळ?
"डोळ्याला दिसेल इतका."

सर बसमध्ये काही बोलले नाहीत.
स्वारगेटला उतरल्यावर ऊसाचा रस पाजला,
बिनबर्फाचा.

आई म्हणाली, "हवेत म्हणजे? पडलीस का?"
धाकटा टिल्लू मात्र दत्तवाडीभर सांगून आला,
आमची ताई उडाली,
सरकारी माणसाने बघितली.
पप्पा बूट हातात घेऊन
तळ बघत बसले.
टाचा झिजलेल्या, अंगठ्याखाली भोक पडायला आलेलं.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"कसं वाटलं?"

तेच तर.
आमच्या घरात अजून कुणाचेच
दोन्ही पाय एकदम सुटले नव्हते,
आणि माझे सुटले तेव्हा
मला कळलंसुद्धा नाही.
अनोळखी माणसाने बघितलं,
लिहून घेतलं, सही केली.
मी त्या वेणीकडे बघत होते.

उद्या भूमितीचा पेपर, त्याआधी सव्वापाच.
सर म्हणालेत, महिनाभर फक्त टाच,
दुसरं काही नाही.
आणि डबे आता चार.
नांदेडचा एक नवा मुलगा आलाय,
त्याला आमटी पातळ लागते.
पातळ आमटी
जास्त हिंदकळते.