खडी

डेकोरा गाव संपतं तिथे डांबरही संपतं,
शेवटच्या पेट्रोलपंपामागे, कुणालाही न सांगता.
मग चुनखडीची पांढरी खडी
आणि टायरखाली तो आवाज,
चुरमुऱ्यांचं पोतं फरफटत न्यावं तसा.

आर्विड टॉलेफ्सरूड माझ्यापुढे वीसेक हात.
वय अडुसष्ट. एक गुडघा स्वतःचा, एक टायटॅनियमचा.
एकतीस वर्षं त्याने काउंटीचा ग्रेडर चालवला
याच रस्त्यांवरून, पातं खाली टाकून.
कुठल्या वळणावर खडी कडेला पळते,
कुठल्या उतारावर रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा येतात,
त्याला विचारा.
"ब्रेक मारणार ट्रॅक्टरवाले," तो म्हणतो,
"शिव्या खाणार मी."

मी त्याला सांगितलं, आमच्याकडे
खडी फोडायला पाठवतात ते कैद्यांना.
तो इतका हसला की हँडल वाकडं गेलं.
"आणि तू तीनशे डॉलर मोजून
आपणहून आलीस?"
चारशे वीस, मी म्हटलं. तेही तुझ्याच पुतणीला.
आमच्यात त्या आकड्यालाही अर्थ आहे,
पण तो चढ संपल्यावर.

चढ संपला नाही.
खडी चढण हा शब्द लहानपणापासून वापरत आले,
त्यातली खडी आज पहिल्यांदा मागच्या चाकाखाली सरकली.

दोन्ही बाजूंना मका, माझ्याहून उंच,
सप्टेंबरातला, कागदासारखा वाजणारा.
पुढे सोयाबीन, पिवळं पडलेलं.
सोयाबीन मी ओळखते, लातूरची आहे.
पण इतकं सरळ?
फणी फिरवून कुणी मैलभर भांग पाडलाय.

नदीपाशी कड्याच्या फटींतून गार वारा येतो,
भर दुपारी,
फ्रीजचं दार कुणी उघडं टाकल्यासारखा.
आर्विड तिथे बोलत नाही.
तळहात पुढे करतो, खडकाला न लावता.
मीही केला.
किती वेळ, ते घड्याळात बघायचं राहिलं.

मग जंगल, आणि एक पाटी:
या रस्त्याची देखभाल होत नाही,
पुढे जायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर.
दवाखान्याच्या खिडकीत बसून
मी रोज लोकांच्या सह्या घेते अशाच मजकुराखाली.
आज कुणी सही मागितली नाही.

परवाचा पाऊस खडीवर केव्हाच वाळला,
इथे मात्र झाडांखाली तो अजून मुक्कामाला होता.
शंभर पावलांत चाकं जाम.
चिखल नव्हे, मळलेली कणीक,
आणि सायकलींचे दोन थकलेले उंडे.
उचलल्या खांद्यावर.
काळे अक्रोड पडत होते, एक हेल्मेटवर,
एक नेमका टायटॅनियमच्या गुडघ्यावर.
आर्विड म्हणाला, "हा दुखला नाही."

काटकीने चेन उकरता उकरता
मी खिशातून खडीसाखर काढली.
नाव सांगितलं.
"ही पण खडीच?"
ही पण.
त्याने ती दाढेखाली धरली आणि फोडली, कडकन,
सक्तमजुरीचा पहिला दिवस असल्यासारखी.

जंगलाबाहेर अॅमिश लोकांची एक काळी बग्गी गेली,
लोखंडी चाकांची.
गाडीवानाने लगामावरचं एक बोट वर केलं, तेवढंच.
घोड्याने आमच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

शेवटची टेकडी मी चालत चढले.
माथ्यावर आर्विडची सायकल गवतात आडवी,
आणि तो रस्त्याच्या कडेला,
बुटाने खडी मधोमध ढकलत.
"नवा पोरगा पातं फार तिरकं धरतो," म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
मी खाली वाकून पाहिलं. मला तर रस्ता
रस्त्यासारखाच दिसत होता.
तरी बूट लावला.
पाचसहा हात झाले असतील.

तेवढ्यात दुधाचा टँकर आला भरधाव,
आणि आम्ही दोघं त्या पांढऱ्या धुळीत
तोंड मिटून उभे राहिलो.