गावजबान

गुरुवारी दुपारी सभागृहात आम्हाला शांत राहायला शिकवलं.
सक्तीचं होतं, सही करावी लागली.
तेहरानहून आलेला तरुण पडद्यावर सरोवर दाखवत म्हणाला,
चार मोजा, श्वास घ्या. चार मोजा, धरून ठेवा.
शेजारी मलीहे बसल्या बसल्या झोपली,
हातात पेन तसंच.
त्यानं ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.
एवढं मात्र त्याला कळत होतं.

रात्री आम्ही दोघी, खाटा बावीस.
मी मोजायला लागते:
एकवर कुणाचा तरी पंप वाजतो,
दोनवर सलाईन संपते,
तीनवर सत्तर वर्षांचा म्हातारा आईला हाका मारतो.
चार आजवर आलेला नाही.
अर्धा श्वास माझा औषधांच्या ट्रॉलीवरच कुठंतरी राहतो,
आणि घरी फ्रीज घरघरला तरी
मी अंधारात पायानं सपाता शोधते.

नऊ नंबरला ऐनुल्ला, अंझली बंदरावरचा कोळी.
बोटांवर अजून जाळ्याचे वळ.
बायको गोलबानू खिडकीशी, गुडघ्यांवर हात ठेवून,
होडीची वाट बघावी तशी.
बुधवारी त्याच्या उशीखाली पुडी सापडली,
वर्तमानपत्रात बांधलेली.
आत वाळकी जांभळी फुलं, देयलमानच्या डोंगरातली,
आणि दोन सुकी लिंबं, काळी,
हलवली की खुळखुळणारी.

मी आवाज चढवला.
रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, खानम,
यकृत आधीच थकलंय,
झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?
ती काही बोलली नाही.
मी पुडी खिशात घातली. नियमानं फेकायची असते.

पहाटे चारला बारा नंबर गेला.
नळ्या काढल्या, डोळे मिटवले, कागद भरले.
मुलीला फोन केला. ती म्हणाली, बरं. धन्यवाद.
त्या धन्यवादावर माझे हात थरथरायला लागले
आणि थांबेनात.

पॅन्ट्रीत किटली ठेवली.
फुलं टाकली. पाणी आधी निळसर, मग शाईसारखं.
लिंबू ऑक्सिजनच्या पान्यानं फोडलं.
तुकडा आत पडला
आणि शाई काठाकडून गुलाबी होत गेली,
रुसलेलं माणूस निवळतं तशी,
मधे थोडं अडून.

गावजबान म्हणजे गाईची जीभ.
पान खरखरीत, म्हणून हे नाव.
नुकत्या जन्मलेल्या वासराला गाय चाटते
ते काही हळुवार नसतं,
वासरू हेलपाटतं, पडतं,
पण उभं राहतं ते त्या चाटण्यानंच.

अर्धा कप प्याले. कडू होतं.
चमत्कार नाही, झोप नाही.
हात तेवढे थांबले.
फुलांमुळे असेल, नसेल,
कदाचित ती सात मिनिटं
कुणी हाक मारली नाही म्हणून.

सकाळी गोलबानूसमोर उभी राहिले.
खानम, तुमची पुडी... मी फेकली नाही.
मी प्याले.
ती हसली. पुढचे दात दोनच.
नाकात नळी असलेल्या माणसाला
काढा कोण पाजतं, पोरी?
तीन रात्री बघतेय, तू उभ्यानं डोळे मिटतेस.
हातात द्यावी तर तुझे हात कधी रिकामे नसतात.
म्हणून याच्या उशीखाली ठेवली.
तिथं तू दर दोन तासांनी येतेस.

मला बोलता येईना.
दोन तास झालेच होते.
ऐनुल्लाला कुशीवर वळवला, उशी उचलली.
खाली आणखी एक पुडी,
छोटी, चिकट,
खडीसाखरेची.

काल ही द्यायची राहिली, ती म्हणाली.