काळे पत्ते

आई पत्ते पिसायची, पण ते खेळायचे नव्हते.
प्रत्येकावर एकच काळी आकृती, पोटाकडून दिसणारी.
खिडक्या नाहीत, रंग नाही, माणूस तर नाहीच.
"सांग, आपलं की त्यांचं?"
मी सात वर्षांचा. चुकलो की पावावरचा जॅम बंद.

लिंकनशरचं आभाळ अघळपघळ,
टेकायला त्याला एक डोंगर नाही.
संध्याकाळी लँकेस्टर निघत. वाळूच्या पोत्यांआडून
आई दुर्बीण लावून मोजायची: एकवीस.
पहाटे परत मोजायची: सतरा.
वजाबाकी मी शाळेत नाही शिकलो.
एकातून सात जात नाहीत,
मग शेजारच्या घरातून उसने घ्यायचे.
कुणाच्या घरातून, ते आई बोलायची नाही.
चहा गाळत राहायची, गाळून झाला तरी.

पुढे मी रेल्वेत सिग्नलला चिकटलो
आणि रविवारी स्किंगलबीच्या कुंपणाला.
एक हँगर, एक गवती धावपट्टी,
आणि एक टपरी, जिथला केक दगडाला लाजवेल.
क्लिफर्ड शिडी आणतो. मी घडीची खुर्ची,
थर्मास, नोंदवही. सेहेचाळीस वर्षं.
तारीख, वारा, शेपटीवरचा क्रमांक.
बायको म्हणायची, तेच ते काय बघता?
तेच नसतं गं. दरवर्षी एखादं कमी असतं.

रोवेना थॉर्ली सोमवार ते शुक्रवार दात उपटते.
माझी अक्कलदाढ तिच्याकडेच आहे.
शनिवार-रविवार ती लायसँडर उडवते.
कॅनडातल्या कुठल्याशा शेतावर
त्या विमानात कोंबड्या नांदत होत्या;
पिसं झटकून पुन्हा पंख लावायला
तिच्या बापाची अकरा वर्षं गेली आणि एक घर गेलं.
परवा कुंपणाशी येऊन म्हणाली, "मागची जागा रिकामी आहे."
"दुखतंय का?" विचारते ना, अगदी त्याच आवाजात.

मागे चढताना गुडघ्याने कुरकुर केली.
आत तेल, जुनं कातडं,
आणि खरं सांगतो, थोडा खुराड्याचाही वास.
इंजिन खोकलं, निळा धूर ओकलं,
मग त्याला सूर सापडला.
गवत कधी सुटलं कळलंच नाही.

वर गेल्यावर लक्षात आलं,
जन्मभर जे बघत आलो
ते तेवढं आता दिसत नव्हतं.
तंगड्या आखडून त्याच्याच पोटात बसलो होतो मी.
खाली कुंपण, धावदोऱ्याच्या टाक्यांसारखं.
शिडीवर बोटाएवढा क्लिफर्ड, मान मोडून वर बघणारा.
शेजारी माझी खुर्ची.
अशी दिसेल तर ती.

मग रोवेनाने सूर्य पाठीशी घेतला
आणि सातूच्या शेतावर ती उमटली. काळी.
बांधावरून उडी मारत, तळं न भिजता ओलांडत,
चर्चच्या छपरावर चढून पलीकडे उतरत.
चतुरासारखे पंख, बुंध्याशी निमुळते,
खाली दोन जाड बूट.
खिडक्या नाहीत, रंग नाही,
आणि आत मी असून माणूस नाही.

"सांग."

मी ओरडलो, "आपलं!"
त्या गडगडाटात रोवेनाला काय ऐकू गेलं कोण जाणे.
तिने अंगठा वर केला आणि विमान खाली घेतलं.

क्लिफर्डने माझ्याच वहीत लिहून ठेवलं होतं,
त्याच्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात:
लायसँडर. दोन दहाला गेलं, एक.
दोन बत्तीसला आलं, एक.
पुढची जागा त्याने कोरी सोडली होती.
मी पेन्सिल ओली केली. बाकी, शून्य.

सोपं गणित. तरी दोनदा तपासलं.